पाळी गेल्यानंतरचे हार्मोन्स: वर्षानुवर्षं घ्यायचे तर धोका कुठे, किती आणि कुणाला?

‘हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो’ हे वाक्य आपल्याकडे बायकांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की रात्री तीन-तीनदा घामाने भिजून उठणारी बाईसुद्धा डॉक्टरांसमोर हा विषय काढत नाही. ‘पाळी जाताना हे व्हायचंच’ म्हणून ती वर्षं ढकलते. उलट बाजूने, हार्मोन्स घेतले की हृदय, हाडं, त्वचा, बुद्धी सगळं शाबूत राहतं असं छातीठोक सांगणारे व्हिडिओही हल्ली भरपूर दिसतात. या दोन्ही बोलण्यांत मला एकच उणीव दिसते. दोघंही ‘धोका’ ही एकच गोष्ट आहे असं धरून चालतात.

रक्ताच्या गुठळीचा धोका, स्तनाच्या कर्करोगाचा धोका आणि पक्षाघाताचा धोका हे वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या वेळी येतात. पहिला उपचाराच्या सुरुवातीच्या वर्षात सर्वांत जास्त असतो. दुसरा वर्षांगणिक साचत जातो. तिसरा गोळीइतकाच तुमच्या वयावर ठरतो. औषध दीर्घकाळ घ्यायचं का, याचा विचार करताना ही खाती वेगळी मांडली नाहीत तर हिशेब लागतच नाही.

आधी औषध काय आहे ते पाहू. पाळी थांबते म्हणजे बीजकोशांकडून होणारा इस्ट्रोजेनचा पुरवठा जवळजवळ आटतो. अंगातून वाफा निघणं, दरदरून घाम फुटणं, झोप मोडणं, योनीमार्ग कोरडा पडणं, हाडांची झीज वेगाने होणं हे सगळं त्यातून येतं. उपचारात तेच इस्ट्रोजेन बाहेरून, थोड्या मात्रेत देतात. वाफा आणि घाम यांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध आजही नाही. अमेरिकेत अशी गोळी १९४२ पासून मिळते. तिच्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं असे. पुढे १९७५ मध्ये दिसून आलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी पटींनी वाढतो, कारण इस्ट्रोजेन ते अस्तर वाढवत राहतं आणि त्याला आवर घालणारं काही उरत नाही. तो आवर प्रोजेस्टेरॉन घालतं. म्हणून गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचं औषध द्यावंच लागतं. पिशवी काढलेली असेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. हा फरक पक्का लक्षात ठेवायला हवा, कारण स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत हे दोन उपचार खूप वेगळे वागतात.

जुलै २००२ मध्ये नेमकं काय झालं

आजच्या भीतीचं मूळ एका अमेरिकन प्रयोगात आहे. त्याआधी तिथले डॉक्टर हृदयविकार टाळण्यासाठीही हार्मोन्स देऊ लागले होते, कारण हार्मोन्स घेणाऱ्या बायकांत हृदयविकार कमी दिसायचा. पण अशा बायका मुळातच सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या असायच्या. फायदा गोळीचा की राहणीमानाचा, हे नुसत्या निरीक्षणातून कळत नव्हतं. ते तपासण्यासाठी सरकारी खर्चाने ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ सुरू झालं. त्यात ५० ते ७९ वयाच्या, गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका होत्या. चिठ्ठ्या टाकून निवडावं तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला घोडीपासूनचं इस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध) असलेली गोळी मिळाली, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. सरासरी ५.२ वर्षांनी, जुलै २००२ मध्ये, प्रयोगाचा हा भाग ठरल्या वेळेआधीच थांबवला गेला.

बातम्या आल्या: स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, हृदयविकार २९ टक्क्यांनी, पक्षाघात ४१ टक्क्यांनी. आकडे खोटे नव्हते. पण २६ टक्के कशाचे, हे फार थोड्या ठिकाणी छापून आलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, खरी गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे १०,००० मागे वर्षाला आठ जणी जास्त. त्याच हिशेबाने हृदयविकाराच्या सात, पक्षाघाताच्या आठ आणि फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या आठ घटना वाढल्या. मांडीच्या हाडाचं खुब्याशी होणारं फ्रॅक्चर पाचने कमी झालं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाने.

आठ हा आकडा लहान आहे म्हणून सोडून द्यावा, असं मी म्हणत नाही. ज्या घरात ती आठवी बाई असते, त्या घराला तो आकडा लहान नसतो. पण निर्णय घेणाऱ्या बाईच्या हाती ‘२६ टक्के’ ठेवणं आणि ‘३० ऐवजी ३८’ ठेवणं यात फार फरक आहे. पहिल्याने ती नुसती घाबरते. दुसऱ्याने ती स्वतःच्या त्रासाशी तुलना करू शकते. कुणीही टक्के सांगितले की ‘कितीचे किती झाले?’ हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या कितीतरी जणींना तेव्हा पहिल्यांदा हार्मोन्स सुरू केले गेले होते. ४८ व्या वर्षी वाफांनी हैराण झालेल्या बाईचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिला मात्र या ६३ वर्षांच्या बायकांचं उत्तर ऐकवलं गेलं. जगभर डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनं थांबवली. माझ्या मते त्या वीसेक वर्षांत ज्यांनी उगाचच सोसलं, त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही.

त्याच प्रयोगात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांचेही असेच दोन गट करून त्यातल्या एकाला नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४ मध्ये पक्षाघात वाढल्यामुळे थांबवला, पण स्तनाचा कर्करोग त्यांच्यात वाढलेला नव्हता. साधारण वीस वर्षं माग काढल्यावर, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्यांत स्तनाचा कर्करोग कमी आढळला आणि त्याने होणारे मृत्यूही कमी. जोडगोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेली गोळी, घेतलेल्यांत कर्करोग जास्त आढळला, मृत्यूंत मात्र ठाम फरक दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा या औषधांवरून काढायचं जाहीर केलं. नुसत्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराला असलेल्या धोक्याचा इशारा ठेवला. चौकट निघाली म्हणून धोका निघाला, असं मात्र कुणी समजू नये.

गुठळीचा धोका तोंडावाटे येतो

गोळी गिळली की इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतातच तयार होतात आणि इस्ट्रोजेनचा एवढा मोठा डोस एकदम तिथे पोचला की त्यांचं उत्पादन वाढतं. अमेरिकन प्रयोगात पायाच्या किंवा फुप्फुसातल्या गुठळ्या १०,००० मागे वर्षाला १६ वरून ३४ वर गेल्या, आणि धोका पहिल्या वर्षात सगळ्यांत जास्त होता. पित्ताशयाचे खडेही तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने वाढतात.

तेच इस्ट्रोजेन पॅच किंवा जेलमधून त्वचेवाटे घेतलं तर ते थेट रक्तात जातं, यकृताची पहिली फेरी टळते. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांत त्वचेवाटे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग नाहीत, पण त्यांचा कौल एकाच दिशेचा आहे. वजन जास्त असेल, रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील, पित्ताचे खडे असतील तर ‘गोळी की जेल?’ हा प्रश्न किरकोळ नाही. तपासणीच्या खोलीत तो सगळ्यांत आधी विचारला जावा असं मला वाटतं.

स्तनाचा धोका वर्षांबरोबर साचतो

दीर्घकाळ औषध घेण्याचा खरा पेच इथे आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली. त्यात स्तनाचा कर्करोग झालेल्या १,०८,६४७ बायकांची माहिती होती. तिचा सारांश असा. पाश्चात्त्य देशांत हार्मोन्स न घेणाऱ्या १०० बायकांमध्ये ५० ते ६९ या वीस वर्षांत साधारण सहा जणींना स्तनाचा कर्करोग होतो. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोज प्रोजेस्टिन घेतलं तर आठ जणींना. म्हणजे अशा ५० बायकांमागे एक जास्त. प्रोजेस्टिन रोज न घेता महिन्यातले काही दिवस घेतलं तर ७० मागे एक. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर २०० मागे एक. पाचऐवजी दहा वर्षं घेतलं तर ही वाढ साधारण दुप्पट होते. औषध बंद केल्यावर धोका उतरतो, पण लांब काळ घेतलेल्यांत तो दहा वर्षांनंतरही थोडा शिल्लक दिसला.

नुसत्या इस्ट्रोजेनबद्दल अमेरिकन प्रयोग ‘कर्करोग कमी’ म्हणतो आणि लॅन्सेट ‘किंचित जास्त’. हा वाद मिटलेला नाही. पण नुसत्या इस्ट्रोजेनपेक्षा जोडगोळीचा धोका स्पष्टपणे जास्त, यावर दोन्हींचं एकमत आहे. म्हणजे धोक्याचा मोठा वाटा प्रोजेस्टिनकडून येतो, आणि म्हणून कोणतं प्रोजेस्टिन हे महत्त्वाचं ठरतं. फ्रान्समधल्या हजारो बायकांच्या दीर्घ पाहणीत कृत्रिम प्रोजेस्टिनपेक्षा शरीरातल्यासारख्याच, बारीक केलेल्या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनबरोबर धोका कमी आढळला. आपल्याकडे हे प्रोजेस्टेरॉन सहज मिळतं. गर्भ टिकावा म्हणून पहिल्या महिन्यांत देतात त्याच कॅप्सूल. अनेक डॉक्टर आता हेच निवडतात.

स्तनाशिवाय बीजकोशाच्या कर्करोगातही अल्प वाढ दिसते. पाच वर्षं हार्मोन्स घेणाऱ्या साधारण हजार बायकांमागे एक.

वय: सुरू करणं वेगळं, चालू ठेवणं वेगळं

पन्नाशीच्या आसपास पक्षाघात किंवा हृदयविकार मुळातच कमी बायकांना होतो. त्यामुळे औषधाने त्यात थोडी भर पडली तरी एकूण आकडा लहान राहतो. सत्तरीत मूळ आकडाच मोठा असतो. शिवाय रक्तवाहिन्या आतून आधीच जाड आणि खडबडीत झालेल्या असतील, तर तिथे उशिरा पोचलेलं इस्ट्रोजेन फायद्याऐवजी त्रास देतं असं दिसतं. ६५ च्या पुढच्या बायकांना जोडगोळी सुरू केली तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या घटना १०,००० मागे वर्षाला २३ ने वाढल्या. म्हणून जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत एक मर्यादा सापडते: वय ६० च्या आत, किंवा शेवटच्या पाळीपासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर, त्रास असलेल्या आणि इतर अडचण नसलेल्या बहुतेक बायकांत फायदा धोक्यापेक्षा जास्त.

ही मर्यादा सुरू करण्याबद्दल आहे. ‘साठ झाले, आजपासून गोळी बंद’ असा तिचा अर्थ काढला जातो, तो बरोबर नाही. ५० व्या वर्षी सुरू करून ६२ ला चालू ठेवणारी बाई आणि ६२ ला पहिल्यांदा गोळी हातात घेणारी बाई यांचा हिशेब सारखा नसतो.

आपल्याकडचं गणित जरा वेगळं

भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे दहा वर्षांची ती खिडकी आपल्याकडे ५६-५७ लाच मिटू शकते. ‘साठीपर्यंत वेळ आहे’ असं समजून थांबून राहणं म्हणूनच योग्य नाही.

स्तनाच्या कर्करोगाचं मूळ प्रमाणही भारतात ब्रिटन-अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे. ‘५० मागे एक’ हा आकडा जसाच्या तसा पुण्या-नाशिकच्या बाईला लावला तर धोका फुगवून सांगितल्यासारखं होईल. पण मधुमेह आणि रक्तदाब आपल्याकडे लवकर येतात, त्यामुळे हृदयाच्या खात्यात आपण निर्धास्त राहू शकत नाही. त्यात पोटाभोवतीचं वजन पाळी जाण्याच्या वयात वाढतं, आणि ही चरबी स्वतःच इस्ट्रोजेन तयार करते. पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा हार्मोनची एकही गोळी न घेता स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. गोळीला घाबरणाऱ्या घरात वजनाबद्दल कुणी बोलत नाही, याची मला चिंता वाटते.

एका गटाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत ऐन तरुण वयातल्या बायकाही होत्या. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले असतील तर पाळी जाण्याची अवस्था त्याच दिवशी येते. बीजकोश ठेवले असले तरी ती काही वर्षं अलीकडे येऊ शकते. पस्तिसाव्या वर्षी इस्ट्रोजेन बंद झालं तर हाडं ठिसूळ होणं, हृदयविकार आणि पुढे स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो. या बायकांच्या बाबतीत तराजू पूर्ण फिरतो. हार्मोन्स न घेणं हाच मोठा धोका असतो. शरीरात एरवी जे असतंच ते परत दिलं जातंय, म्हणून ६३ वर्षांच्या बायकांवरचे आकडे यांना लागू पडत नाहीत. स्तनाच्या कर्करोगासारखी मनाई नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावं अशीच शिफारस आहे. चाळिशीच्या आत पाळी आपोआप गेलेल्यांनाही हेच लागू. तुमची किंवा घरातल्या कुणाची लवकर पिशवी काढली असेल, तर डिस्चार्ज कार्ड शोधा. बीजकोश ठेवले की काढले, हे त्यावर लिहिलेलं असतं. कितीतरी जणींना ते माहीतच नसतं, आणि इस्ट्रोजेनचा विषय त्यांच्यापुढे कधी निघतच नाही.

मग किती वर्षं?

‘पाच वर्षं घ्या आणि बंद करा’ असा नियम बराच काळ चालला. अडचण अशी की वाफा पाच वर्षांचं वेळापत्रक पाळत नाहीत. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्या बायकांत हा त्रास निम्म्याहून अधिक जणींना सात वर्षांहून जास्त टिकला, आणि पाळी पूर्ण जायच्या आधीच सुरू झालेल्यांत आणखी लांबला. म्हणून आज कोणत्याही प्रमुख संस्थेने कडक मुदत ठेवलेली नाही. त्याऐवजी दरवर्षी बसून नव्याने ठरवायचं: त्रास अजून आहे का, डोस कमी चालेल का, गोळीवरून जेलवर जाता येईल का, रक्तदाब कसा आहे, मॅमोग्राफी झाली का, घरात कुणाला नव्याने स्तनाचा कर्करोग निघाला का. पहिल्या पाच वर्षांनंतर मी स्तनाच्या खात्याकडे सर्वांत जास्त लक्ष देईन, विशेषतः गर्भाशय असेल तर.

नुसतं ‘हृदयासाठी’ किंवा ‘तरुण राहण्यासाठी’ हार्मोन्स सुरू करण्याला आधार नाही. हाडांना फायदा नक्की होतो, पण औषध चालू आहे तोवरच. बंद केल्यावर काही वर्षांत झीज पुन्हा वाढते. हाडांसाठी घेत असाल तर बंद करण्याआधी पुढची सोय ठरवा: हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, वजन उचलण्याचा व्यायाम, गरज पडली तर हाडांची वेगळी औषधं. बंद करताना वाफा परत येऊ शकतात. डोस हळूहळू उतरवला तर अनेकींना ते सुसह्य होतं.

योनीमार्गातला कोरडेपणा, जळजळ, पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग एवढाच त्रास असेल तर पूर्ण शरीराला हार्मोन द्यायची गरजच नाही. तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा छोटी गोळी पुरते. त्यातलं रक्तात अगदी थोडं जातं, वर सांगितलेले धोके त्याला सहसा लागू होत नाहीत आणि ते वर्षानुवर्षं वापरता येतं. लाजेपोटी हा त्रास सांगितलाच जात नाही, आणि उपाय इतका सोपा असतो.

स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, गुठळी झाली असेल, यकृताचा आजार चालू असेल किंवा अंगावरून रक्त जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर पूर्ण शरीराचे हार्मोन्स सहसा देत नाहीत. अशांसाठी वाफा कमी करणारी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये यासाठी वापरतात.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर हार्मोन्स चालू असोत वा नसोत, महिनाभर वाट पाहू नका. सोनोग्राफी करून अस्तराची जाडी त्याच आठवड्यात पाहून घ्या. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, अचानक धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तडक जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि कोणते हार्मोन्स चालू आहेत ते तिथे पहिल्यांदा सांगा.